देवापुढे नीतिमान ठरल्याने काय मिळते? वडोदऱ्यातल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

आमच्या घरी, दांडिया बाजारात, गुरुवारी संध्याकाळी मराठी प्रार्थना असते. दहा-बारा माणसे येतात. काहींच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती, काही अलीकडे विश्वासात आलेली, आणि एखाद-दुसरा शेजारी नुसता ऐकायला बसलेला. रोमकरांस पत्र (येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेले, बायबलमधले) वाचायला घेतल्यापासून एकच विषय फिरून फिरून निघतो. त्यावर जे प्रश्न वारंवार आले ते इथे उतरवले आहेत. मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. माझी नोकरी न्यायमंदिरात, म्हणजे इथल्या जुन्या न्यायालयात, निकालांच्या नकला करून देणाऱ्या विभागात गेली. त्यामुळे उदाहरणे तिथलीच सुचतात.

‘नीतिमान’ म्हणजे चांगल्या वागणुकीचा माणूस ना? मग तो ‘ठरवला जातो’ म्हणजे काय?

घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मराठीत नीतिमान म्हटले की नीतीने वागणारा, कुणाचा पैसा न बुडवणारा सज्जन डोळ्यांपुढे येतो. बायबलमध्ये तोही अर्थ आहे. पण पौल ‘नीतिमान ठरवणे’ म्हणतो तेव्हा त्याचे ग्रीक क्रियापद न्यायालयातले आहे. न्यायाधीश निकाल देतो की या माणसावर आता कोणताही दोष नाही. तो निकाल म्हणजे नीतिमान ठरवणे.

वडोदऱ्यात राहण्याची इथे एक सोय आहे. गुजराती बायबलमध्ये याच जागी ‘न्यायी ठरवणे’ असा शब्द येतो. गुजराती शाळेत शिकलेल्या आमच्या मुलांना म्हणूनच हा अर्थ आमच्याआधी कळला. आम्ही मोठी माणसे ‘आपण कुठले एवढे नीतिमान’ म्हणून संकोचत होतो, आणि मुले सरळ विचारत होती, ‘निकाल कुणी दिला? कधी दिला?’ प्रश्न तोच आहे.

पण आपण खरोखर दोषी असताना देव निर्दोष कसे म्हणेल? हा अन्याय नाही का?

हा प्रश्न ज्याला पडत नाही त्याने अजून विषयाला हात घातलेला नाही, असे मला वाटते. नीतिसूत्रे १७:१५ स्पष्ट सांगते की दुष्टाला निर्दोष ठरवणारा परमेश्वराला किळसवाणा वाटतो. आणि रोमकरांस ४:५ मध्ये तोच देव ‘अधर्म्याला नीतिमान ठरवणारा’ आहे. ही दोन वचने शेजारी ठेवून पाहा, झोप उडते.

आमच्याकडे पुष्कळ आरोपी ‘संशयाचा फायदा’ मिळून सुटत. साक्षीदार फिरले, पंचनाम्यात चूक निघाली, पुरावा अपुरा पडला. देवापुढे असा फायदा कुणालाच मिळत नाही, कारण तिथे संशय मुळी नाहीच. गुन्हा शाबीत आहे. सर्वांनी पाप केले आहे, असे रोमकरांस ३:२३ सांगते. म्हणून सुटका पुराव्यातल्या फटीतून होत नाही. शिक्षा पूर्ण भोगली गेली, फक्त ती दुसऱ्याने भोगली. ज्याला पाप ठाऊक नव्हते त्याला देवाने आपल्यासाठी पाप असे केले, हे २ करिंथकरांस ५:२१ मधले वाक्य मी कितीदा वाचले असेल, तरी दर वेळी थांबतो. वधस्तंभावर देवाने कायदा बाजूला ठेवला नाही. म्हणून तो न्यायीही राहिला आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला सोडवणाराही झाला (रोमकरांस ३:२६).

हे मिळवायला आपण काय करायचे?

विश्वास ठेवायचा. उत्पत्ती १५:६ मध्ये अब्राहामाने परमेश्वरावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणले गेले. तेव्हा त्याची सुंता झाली नव्हती आणि नियमशास्त्र तर मोशेच्या काळचे, म्हणजे कित्येक शतके नंतरचे. पौल रोमकरांसच्या चौथ्या अध्यायात हाच क्रम धरून बसतो. ‘गणले’ हा शब्द हिशेबाचा आहे. दुसऱ्याने भरलेली रक्कम आपल्या खात्यावर जमा धरली गेली.

विश्वास म्हणजे मनाला ताण देऊन ‘मला वाटतंय, मला वाटतंय’ म्हणणे नव्हे. पक्षकार वकीलपत्रावर सही करतो तेव्हा काय होते? त्यानंतर तो स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने दुसरा उभा राहतो. सही थरथरत्या हाताची असली तरी चालते.

लूक १८ मधले दोघे आठवा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, देवळात उभा राहून स्वतःची बाजू मांडतो: आठवड्यातून दोनदा उपवास, सगळ्या मिळकतीचा दशांश. खोटे काही सांगत नाही. लोकांनी पापी मानलेला जकातदार मान वर न करता ऊर बडवतो आणि दया मागतो. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

नीतिमान ठरल्याचा पहिला आशीर्वाद कोणता?

देवाशी शांती. रोमकरांस ५:१ मध्ये पौल पहिले नाव तिचेच घेतो, आणि मला हा सगळ्यांत मोठा वाटतो, म्हणून इथे थोडे जास्त लिहितो.

न्यायमंदिराची इमारत १८९६ सालची, सूरसागराजवळची, सयाजीरावांच्या पहिल्या राणीच्या, चिमणाबाईंच्या नावाची. आता न्यायालय तिथून हलले आहे. मी होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ बाकावर नेहमी दिसायचे. वर्षानुवर्षे त्यांची मुदत पडत होती. (आपल्याकडे ‘तारीख’ म्हणतात, इथे ‘मुदत’.) शेवटी ते निर्दोष सुटले. नकल मी स्वतः त्यांच्या हातात दिली. पुढच्या महिन्यात पाहतो तर गृहस्थ डबा घेऊन त्याच बाकावर. मी म्हटले, ‘काका, तुमचा निकाल लागला, आता घरी राहा.’ त्यांनी पिशवीतून नकल काढली, माझ्यापुढे धरली आणि विचारले, ‘मग पुढची मुदत कधी?’ मी त्यांना शेवटचा परिच्छेद दोनदा वाचून दाखवला. तेव्हा कुठे ते उठले.

मंडळीत अशी माणसे मला फार दिसतात. मीही बरीच वर्षे तसाच होतो. क्षमा झाली हे पाठ असते, पण जगणे जामिनावर सुटल्यासारखे. रविवारी हजेरी लावली की एक आठवडा निभावला. मुलाला ताप आला की लगेच मनात, कुठल्या पापाची ही शिक्षा? चांगले काही घडले तरी धाकधूक की हे काढून घेतले जाईल. जामिनावर असलेला माणूस बाहेर असतो, पण मोकळा नसतो. पौल सांगतो की ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना आता दंडाज्ञा नाहीच (रोमकरांस ८:१). यातला ‘आता’ हा शब्द जपून वाचा. निकाल शेवटच्या दिवशी लागायचा असतो, तो आजच वाचून दाखवला आहे.

आणखी एक. आमच्या निकालावर अपील होऊ शकते. सुटलेला माणूसही अपिलाची मुदत संपेपर्यंत धास्तावलेला असतो. पौल विचारतो, देवाने निवडलेल्यांवर दोषारोप कोण ठेवील? ठरवणारा देवच आहे. त्याच्या वर न्यायालय नाही.

सुटका झाली, एवढेच? की पुढे आणखी काही?

न्यायाधीश आरोपीला सोडतो, पण त्याला घरी नेत नाही. देव नेतो. इथे न्यायालयाचे उदाहरण संपते आणि घराचे सुरू होते.

वडोदऱ्याच्या माणसाला दत्तक म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. नाशिककडच्या कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. क्रम पाहा: आधी दत्तविधान झाले, मग शिक्षण. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार १८८१ साली आले. अभ्यास चांगला झाला म्हणून त्याला मुलगा केले नाही. मुलगा झाला म्हणून त्याच्यासाठी शिक्षक नेमले.

रोमकरांस ८:१५ ते १७ मध्ये हेच आहे. आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला, म्हणून आपण देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. आणि मुले आहोत तर वारसही आहोत, ख्रिस्ताबरोबरचे सोबतीचे वारस. लूक १५ मधला, घर सोडून पैसा उधळलेला धाकटा मुलगा परतताना वाटेत एक वाक्य पाठ करत येतो, ‘मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा.’ बापापुढे उभा राहिल्यावर ते वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. बाप मध्येच झगा, अंगठी आणि जोडे मागवतो. पुष्कळ ख्रिस्ती माणसे ते न बोललेले वाक्य आयुष्यभर बोलत राहतात.

मग नोकरी, धंद्यात बरकत, आजारातून बरे होणे, हे आशीर्वाद नाहीत का?

आहेत. देव देतो, आणि मागायला लाजू नये. मत्तय ६:३३ मध्ये येशू अन्नवस्त्राबद्दलच बोलत आहे. पण नीतिमान ठरलास म्हणजे घरात पैसा येईलच, आणि आला नाही तर तुझ्या विश्वासात खोट आहे, अशी शिकवण मोबाईलवर ऐकून लोक आमच्याकडे येतात. मी त्यांना कळकळीने सांगतो की ती शुभवर्तमानाची शिकवण नाही. ती आजारी माणसावर दुसरे ओझे टाकते.

स्तोत्र ३४:१९ म्हणते की नीतिमानाला पुष्कळ कष्ट होतात. ईयोब नीतिमान होता हे खुद्द देव सांगतो, आणि तरी मुले, संपत्ती, आरोग्य सगळे त्याने गमावले. पौलाने एकोणचाळीस फटके पाच वेळा खाल्ले, तीन वेळा त्याचे तारू फुटले. शरीरातला काटा काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, उत्तर आले की माझी कृपा तुला पुरे आहे. नीतिमान ठरवला गेल्याचे गाणे ज्याने सर्वांत मोठ्याने गायले त्याची ही हकीगत.

आशीर्वाद असा आहे की संकट आले तरी ते शिक्षा म्हणून येत नाही. रोमकरांस ५:३-४ मध्ये साखळी आहे: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जो आजार आहे तोच तुम्हाला असेल. तुमच्या आजारामागे रागावलेला न्यायाधीश नाही, एवढे मात्र ठाऊक असते. मी ज्या रात्री दवाखान्याच्या बाकावर काढल्या, तेव्हा मला यानेच धरून ठेवले.

‘नीतिमानाची प्रार्थना कार्य करण्यात प्रबळ असते.’ मग माझी प्रार्थना पाळकांच्या प्रार्थनेपेक्षा कमजोर का?

नाही. याकोब ५:१६ चे हे वाक्य लोक तोंडपाठ म्हणतात आणि पुढचे सोडून देतात. लगेच एलीया संदेष्ट्याचे नाव येते, आणि याकोब मुद्दाम म्हणतो की तो आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता. पाळकांनी तुमच्यासाठी प्रार्थना करावी हे उत्तमच आहे. पण ओळखीची चिठ्ठी लागते म्हणून नव्हे. इब्री ४:१६ सांगते की कृपेच्या आसनाजवळ धैर्याने जा.

क्षमा अशी फुकट असेल तर माणूस पाप करायला मोकळाच झाला, नाही का?

पौलालाही हेच विचारले गेले होते. रोमकरांसच्या सहाव्या अध्यायाची सुरुवातच या प्रश्नाने होते, आणि उत्तर ‘कधीच नाही’ असे आहे. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराकडे पाहा (लूक १९). येशू त्याच्या घरी जेवायला आला तेव्हा अजून त्याने एक पैसाही परत केलेला नव्हता. मग तो आपणहून उभा राहिला: अर्धे द्रव्य गरिबांना, लुबाडलेल्याची चौपट भरपाई.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. देवापुढचा निकाल हा माणसांपुढची देणी बुडवायचा परवाना नाही. भावाच्या हिश्शाची जमीन दाबली असेल तर ती परत करावी लागेल. घरात हात उगारला असेल तर ‘देवाने मला माफ केले’ म्हणून बायकोला गप्प करता येत नाही. दावीद राजाला व्यभिचाराची आणि खुनाची क्षमा मिळाली, तरी त्या कृत्याचे परिणाम त्याच्या घराने भोगले.

मी पुन्हा पुन्हा त्याच पापात पडतो. माझे स्थान गेले का?

१ योहान २:१ वाचा. कोणी पाप केले तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, नीतिमान येशू ख्रिस्त. ‘कैवारी’ हा किती गोड मराठी शब्द आहे! कैवार घेणारा माणूस आपली बाजू भक्कम आहे का ते आधी तपासत नाही, तो आपला असतो म्हणून उभा राहतो. आणि नीतिसूत्रे २४:१६ मध्ये नीतिमान सात वेळा पडतो आणि पुन्हा उठतो. पडत नाही असे तिथे म्हटलेले नाही. पाप पदरी घ्या, लपवू नका. लपवले की काय होते ते दावीदाने स्तोत्र ३२ मध्ये लिहिले आहे: हाडे झिजली.

विश्वास सोडून दिलेल्याचे काय, यावर मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड परंपरेच्या मंडळ्या वेगवेगळे शिकवतात. पण ज्याला ‘माझे स्थान गेले का’ ही काळजी आहे, त्याने विश्वास सोडलेला नाही, असे मी समजतो.

आठवडा वाईट गेला असेल तर प्रभुभोजन घ्यावे का?

आमच्या एक मावशी कित्येक महिने भाकर आणि प्याला न घेता मागे बसून राहत. ‘माझी लायकी नाही’ म्हणत. १ करिंथकरांस ११:२८ त्यांच्याबरोबर बसून वाचले: माणसाने आत्मपरीक्षण करावे आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षण करून घरी जावे असे नाही. लायक माणसांसाठी ते मेज मांडलेलेच नाही. कुणाशी भांडण असेल तर आधी मिटवा, पाप असेल तर कबूल करा, आणि या.

याकोब तर म्हणतो की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, क्रियांनी नीतिमान ठरतो. मग पौल खरा की याकोब?

दोघे वेगवेगळ्या माणसांशी बोलत आहेत. पौलाच्या पुढे पुण्याचा हिशेब घेऊन आलेला माणूस आहे. याकोबापुढे उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या’ असे म्हणून दार लावणारा आहे. याकोब अब्राहामाने आपला मुलगा इसहाक अर्पण करायला नेल्याचे उदाहरण देतो, ते उत्पत्तीच्या २२ व्या अध्यायात आहे. अब्राहामाचा विश्वास गणला गेला तो १५ व्या अध्यायात. झाड आधी, फळ नंतर.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे याच विषयावरून फाटले ना?

मुख्यतः हो. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरला ‘देवाचे नीतिमत्त्व’ या शब्दांची धास्ती वाटायची, कारण त्याला त्यात फक्त शिक्षा दिसत होती. रोमकरांस १:१७ मध्ये त्याला ते देणगी म्हणून दिसले. १५१७ नंतर वाद पेटला. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने कॅथलिक बाजू मांडली: नीतिमान ठरणे म्हणजे केवळ घोषणा नव्हे, आतून नवे होणेही त्यातच येते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे कॅथलिक मंडळी आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या की आपला स्वीकार कृपेनेच होतो, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटलेले नाहीत. पण आमच्या गुरुवारी दोन कॅथलिक बहिणी येतात आणि रोमकरांस पाच वाचताना आमच्यात भांडण होत नाही.

शेजारी विचारतात, ‘हे म्हणजे आमचे पुण्यच ना?’ काय सांगावे?

वाद घालू नका. पुण्य माणूस जोडतो, हे नीतिमत्त्व देव देतो, एवढा फरक शांतपणे सांगा. आपल्या संतांनीही स्वतःच्या पुण्यावर भिस्त ठेवलेली नाही. ‘पतितपावन’ ही हाक मराठी माणसाला नवी नाही. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत.

सगळे समजते, पण मनाला शांती जाणवत नाही. मी नीतिमान ठरलो नाही का?

निकाल आणि निकाल कानात शिरणे, यांत वेळ जाऊ शकतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे काही वर्षांनी त्यांनीच लिहिले की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढ्या विदुषीला वेळ लागला, तर तुमच्याआमच्यासारख्याला लागेल. आपल्या मनाची नाडी सारखी तपासत बसू नका. त्या म्हाताऱ्या काकांना शांती आतून वाटून आली नाही. शेवटचा परिच्छेद वाचून दाखवल्यावर आली.

मरणाच्या वेळी याचा काय उपयोग?

माझी आई शेवटच्या आठवड्यात फार बोलत नव्हती. तिला रोमकरांस आठवा अध्याय पुन्हा पुन्हा हवा असे, ‘मरण, जीवन, देवदूत’ पासून पुढे, जिथे यातले काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळे करू शकणार नाही असे म्हटले आहे. एकदा मी घाईत एक ओळ गाळली, तर तिने डोळे न उघडता बोट उचलून मला मागे पाठवले. ती घाबरलेली नव्हती. यापेक्षा जास्त मला या प्रश्नावर सांगता येत नाही.

कुठून वाचायला सुरुवात करू?

लूक १८:९ ते १४, मग स्तोत्र ३२, मग रोमकरांस अध्याय ४ आणि ५. गलतीकरांस पत्र त्यानंतर घ्या. घाई नको, एका बैठकीत एकच उतारा. आणि गुजराती वाचता येत असेल तर रोमकरांसचा पाचवा अध्याय एकदा त्या भाषेत घरात मोठ्याने वाचा, मुलांना ऐकू जाईल असा.